कोठार राखणाऱ्या मुंग्या आणि त्यांचें घरगुती पालन

दक्षिणेच्या पठारावर कोरड्या माळावरून चालणाऱ्या माणसाला एक देखावा वारंवार दिसतो. जमिनींत एक बारीकसें भोंक; त्या भोंकाभोंवतीं तुसांचें, कुसळांचें आणि गवताच्या फोलपटांचें वीतभर रुंदीचें कडें; आणि त्या कड्याला छेद देऊन गवतांत शिरलेली, एखाद्या पायवाटेसारखी साफ झालेली मुंग्यांची वाट. ह्या वाटेनें बाहेर जाणाऱ्या मुंग्या रिकाम्या असतात. परतणाऱ्या मुंग्यांच्या जबड्यांत मात्र एकेक दाणा असतो. साखरेच्या डब्याला लागणाऱ्या मुंग्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. ह्या मुंग्या निराळ्या. त्यांचें सारें जीवित मुख्यतः बियांवर चालतें, आणि त्या बियांसाठीं जमिनीच्या पोटांत त्या कोठारें बांधतात.

अशा मुंग्यांचें एक संपूर्ण कुटुंब, म्हणजे राणी, अंडीं, अळ्या, कोष, लहानमोठ्या कामकरी मुंग्या आणि त्यांचें धान्याचें कोठार, हें सर्व कांचेच्या भिंतीआड घरांत पाळतां येतें. युरोपांत हा छंद पुष्कळ पसरलेला आहे, आणि त्यांत भूमध्य समुद्राच्या कांठची ‘मेसर बार्बारस’ ही जाति सर्वांत लोकप्रिय आहे. ह्याचें कारण सोपें आहे. मांसाहारी मुंग्यांना नेहमीं ताजे किडे पुरवावे लागतात. ह्या मुंग्यांना चिमूटभर राळा टाकला कीं कित्येक दिवस चिंता नाहीं. परंतु सोपेपणाच्या ह्या कीर्तीमुळेंच त्या फार मरतात. दाणे टाकले कीं झालें, असें समजून आणलेली राणी दोनतीन महिन्यांत बुरशीनें, कोरडीनें किंवा केवळ मालकाच्या उत्सुकतेनें प्राणांस मुकते. तेव्हां पाळण्याची रीति सांगण्यापूर्वीं ह्या प्राण्याची राहणी समजून घेणें अवश्य आहे.

मुंगी धान्य सांठविते, हें प्राचीन लोकांनीं गृहीतच धरलें होतें. बायबलांतील नीतिसूत्रें आळशी माणसाला मुंगीकडे पाहण्यास सांगतात. इसापाच्या नांवावर चालणाऱ्या एका गोष्टींत मुंग्या भिजलेलें धान्य हिवाळ्यांत वाळवीत असतात. ज्यू लोकांच्या मिश्ना नामक धर्मशास्त्रांत तर मुंग्यांच्या बिळांत सांपडलेलें धान्य कोणाच्या मालकीचें, ह्या प्रश्नाचा निकाल दिलेला आहे. पीक उभें असतां सांपडलें तर तें शेताच्या धन्याचें; कापणी करणारे पुढें गेल्यावर सांपडलें तर वरच्या भागांतलें गरिबांचें आणि खालच्या भागांतलें धन्याचें. ज्यांना बिळांतल्या धान्याचे वरचें आणि खालचें असे दोन वांटे करावेसे वाटले, त्यांनीं बीळ खणून पाहिलें होतें हें उघड आहे.

पुढें प्राणिशास्त्राचा अभ्यास उत्तर युरोपांत वाढला आणि तेथील पंडितांनीं ही सारी हकीकत भाकडकथा ठरविली. त्यांच्या देशांतल्या मुंग्या हिवाळ्यांत गारठून पडतात. त्यांना धान्याची गरज नसते, आणि त्या तें सांठवीतहि नाहींत. प्राचीन लोकांनीं मुंग्यांचे पांढरे कोष पाहिले आणि ते गव्हाचे दाणे समजले, असा त्यांचा तर्क होता. आपल्या अंगणांत जें नाहीं तें जगांत नाहीं, ही चूक विद्वानांकडूनहि होते. तिचें निरसन होण्यास आरंभ झाला तो पुण्यास. मुंबई सरकारच्या नोकरींत असलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनीं १८३५ सालीं लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या निबंधमालेंत हिंदी मुंग्यांवर एक लेख प्रसिद्ध केला. पुण्याच्या पडीक जमिनींत, जून महिन्यांत, पावसाची पहिली सर ओसरून ऊन पडतांच ठिकठिकाणीं गवताच्या बियांचे मूठमूठ ढीग त्यांना दिसले. शेंकडों मुंग्या तें बीं खालून वर आणून पसरीत होत्या. पावसानें कोठार भिजलें म्हणून धान्याला ऊन दाखविण्याचा हा उद्योग होता. आणि तें बीं पिकून तर कित्येक महिने झाले होते, म्हणजे मध्यंतरीं तें सांठ्यांत होतें ह्यांत संशय उरला नाहीं. ह्या मुंगीला साइक्स यांनीं ‘दूरदर्शी’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. आज ती ‘फायडोल प्रॉव्हिडेन्स’ ह्या नांवानें ओळखिली जाते.

युरोपांतील शंका फिटावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं. जॉन ट्रॅहर्न मॉग्रिज हा तरुण इंग्रज प्रकृति नाजुक असल्यामुळें हिवाळ्यांत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मांतों गांवीं जाऊन राहात असे. तेथें त्यानें वारुळें खणलीं, कोठारें मोजलीं, आणि एक कुटुंब कांचेच्या भांड्यांत ठेवून त्याच्या दिनक्रमाची टांचणें केलीं. त्याचें पुस्तक १८७३ सालीं निघालें आणि पुढच्याच वर्षीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, तो वारला. घरांत मुंग्या पाळण्यापासून शास्त्राला काय मिळूं शकतें ह्याचें त्या पुस्तकाइतकें चांगलें उदाहरण क्वचित् सांपडेल.

मॉग्रिजला पडलेलें मुख्य कोडें असें: ओलसर जमिनींत, उबेंत, महिनोन् महिने पडलेलें बीं रुजत कसें नाहीं? त्याला दिसून आलें कीं कोठारांत मुंग्यांची येजा चालूं असेल तोंवर बीं बहुधा तसेंच राहतें. मुंग्यांना आंत जाऊं दिलें नाहीं, किंवा त्यांनीं तें कोठार सोडून दिलें, तर बियांना मोड येऊं लागतात. म्हणजे बीं मारलेलें नसतें. तें जिवंत असतें आणि राखलेलें असतें. ही राखण अनेक प्रकारांनीं होते. सर्वांत कोरडी खोली धान्यासाठीं निवडली जाते. दाणे वरचेवर हलविले आणि चाटले जातात. आणि त्यांतूनहि एखाद्यानें अंकुर काढलाच तर त्याचें मुळाचें टोंक कुरतडून दाणा पुन्हां वाळवला जातो. मोड आणून, मग वाळवून, बार्लीचें माल्ट करणाऱ्या कारखानदाराची कृति ह्याहून फारशी निराळी नाहीं.

दाण्याचें अन्न कसें होतें, हें तर कांचेतून डोळ्यांनीं पाहतां येतें. बाहेरून आलेला दाणा प्रथम सोलला जातो. तूस, कुसळ, फोलपट बाहेर नेऊन टाकणें हें बहुधा लहान मुंग्यांचें काम. मग दाणा मोठ्या मुंग्यांकडे जातो. मेसर बार्बारसच्या एकाच कुटुंबांत कामकरी मुंग्यांची लांबी तीन मिलिमीटरांपासून बारा मिलिमीटरांच्या वरपर्यंत असते, आणि सर्वांत मोठ्या मुंग्यांचें तांबूस डोकें शरीराच्या मानानें अवाढव्य दिसतें. हा मोठेपणा बुद्धीचा नव्हे. त्या डोक्यांत जबडे मिटविणारे स्नायू ठासून भरलेले असतात, आणि कठीण दाणा फोडणें हें त्यांचें काम. फुटलेला दाणा मुंग्या मिळून चघळतात. लाळेंतील पाचक द्रव्यानें पिष्टाची साखर होऊं लागते आणि कणकेसारखा एक ओलसर गोळा तयार होतो. मुंग्या पाळणारे लोक त्याला ‘मुंग्यांची भाकरी’ म्हणतात. प्रौढ मुंगीला घट्ट पदार्थ गिळतां येत नाहीं. ती त्यांतला रस तेवढा चोखते. अळ्यांच्या तोंडाशीं मात्र हा गोळाच ठेवला जातो. ही भाकरी होतांना पाहावयास मिळाली कीं घर नीट लागलें असें समजावें. कारण घाबरलेलें कुटुंब धान्य दळीत बसत नाहीं.

आतां प्रत्यक्ष पालनाकडे वळावयाचें. सुरुवात नेहमीं एकट्या राणीपासून करावी. वारूळ खणून कुटुंब आणूं नये. त्यांत शेंकडों मुंग्या मरतात आणि खोल गेलेली राणी बहुधा हातीं लागत नाहीं. राणीवांचून आणलेल्या मुंग्या कांहीं महिने हिंडतात, फिरतात आणि एकेक करून संपतात. अशा वारुळाला पाळणें म्हणतां येत नाहीं, तो केवळ मरणाचा लांबलेला देखावा होय. भूमध्य प्रदेशांत शरद् ऋतूंतल्या पावसानंतर मेसर बार्बारसचे पंख फुटलेले नर आणि राण्या आकाशांत उडतात. समागमानंतर नर मरतात. राणी जमिनीवर उतरते, आपले पंख आपणच गाळून टाकते आणि एक बीळ खणून स्वतःला आंत कोंडून घेते. ह्यानंतर पहिल्या मुलींचें संगोपन होईपर्यंत ती कांहीं खात नाहीं. पंखांना हलविणारे जे दणकट स्नायू आतां निरुपयोगी झालेले असतात, ते आणि अंगांतील चरबी विरघळवून ती आपल्या पहिल्या अळ्यांना पोसते.

ह्या कोंडवाड्याची नक्कल एका साध्या परीक्षानळींत करतां येते. नळीचा तिसरा हिस्सा पाण्यानें भरावा. पाण्याला टेकेल असा कापसाचा घट्ट बोळा बसवावा, म्हणजे बोळा ओला राहतो पण पाणी सुटत नाहीं. मग राणी आंत सोडावी आणि तोंडाशीं दुसरा, कोरडा बोळा द्यावा. नळी आडवी, अंधारांत, जेथें दार आपटण्याचा किंवा शिवणयंत्राचा हादरा बसत नाहीं अशा जागीं ठेवावी. एवढें झाल्यावर सर्वांत अवघड काम उरतें तें म्हणजे कांहीं न करणें. आठवड्यांतून एकदां, अर्ध्या मिनिटापुरती, नळी पाहावी. रोज उजेडांत नेऊन पाहिल्या जाणाऱ्या राणीला शत्रु आल्याची भावना होते आणि ती आपलीं अंडीं आपणच खाऊन टाकते. सुमारें २५ अंश सेल्सियस उष्णतामानांत अंड्यापासून पहिली कामकरी मुंगी निघेपर्यंत दीड ते अडीच महिने जातात. ह्या पहिल्या मुंग्या आकारानें अगदीं खुजा असतात, कारण त्या उपाशी आईच्या अंगावर पोसलेल्या असतात. त्यांच्यासमोर राजगिऱ्याएवढे बारीक दाणे, तेहि फोडून, पांचसहाच टाकावे. सबंध बाजरीचा दाणा त्यांच्या जबड्यांना फुटत नाहीं.

कधीं कधीं इतकें सर्व यथासांग करूनहि कामकरी मुंग्या होतच नाहींत. ह्याचें एक विलक्षण कारण अलीकडे उघडकीस आलें आहे. मेसर बार्बारसच्या पुष्कळ वसाहतींत एकाच जातीचे दोन आनुवंशिक वंश नांदतात. राणीचा संयोग परवंशाच्या नराशीं झाला तर त्या संततीच्या कामकरी मुंग्या होतात. स्ववंशाच्या नरापासून झालेल्या मुली राण्याच होतात. राणी एकाहून अधिक नरांशीं रममाण होते, त्यामुळें बहुधा दोन्ही वंशांचें बीज तिच्यापाशीं असतें. पण जिला केवळ स्वकीयच भेटले, तिच्या पोटीं राबणारें कोणी निपजत नाहीं आणि तिचें घर उभें राहात नाहीं. ह्याच कुळांतील ‘मेसर इबेरिकस’ ह्या जातीनें तर शास्त्रज्ञांना थक्क केलें. २०२५ सालीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें तिच्या सर्व कामकरी मुंग्या ‘मेसर स्ट्रक्टर’ ह्या वेगळ्या जातीच्या नरापासून झालेल्या संकरज असतात; आणि जेथें तो परजातीय नर रानांत मिळत नाहीं, तेथें राणी स्वतःच त्या जातीचे नर प्रसवते. एका आईनें दोन जाति जन्माला घालाव्या, असें दुसरें उदाहरण प्राणिशास्त्राला माहीत नव्हतें.

कुटुंब वीसपंचवीस मुंग्यांचें झालें म्हणजे नळींतून घराकडे जाण्याची वेळ येते. मुंग्यांसाठीं घरें करण्याची कला जुनी आहे. सर जॉन लबक यांनीं दोन कांचांच्या मध्यें मातीचा पातळ थर ठेवून घरटीं केलीं आणि भोंवतीं पाण्याचा खंदक ठेवला. अशा घरट्यांत त्यांनीं एका मुंगीच्या राणीला सुमारें १४ वर्षें जिवंत ठेविलें. फ्रान्सांतील शार्ल जाने ह्या यंत्रशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लास्टरच्या सच्छिद्र ठोकळ्यांत खोल्या कोरल्या आणि ठोकळ्याच्या एका टोंकाला पाण्याची खळगी केली. पाणी प्लास्टरमधून झिरपत पुढें जातें. त्यामुळें पहिली खोली ओली, मधली दमट आणि शेवटची कोरडी अशी चढण तयार होते. धान्य सांठविणाऱ्या मुंग्यांसाठीं ह्याहून चांगली योजना अद्याप निघालेली नाहीं. हल्लींचीं बाजारांतलीं घरें हीच योजना निराळ्या द्रव्यांत करतात.

ही चढण म्हणजे ह्या पालनाचा प्राण होय. अंड्यांना आणि अळ्यांना ओलावा हवा, धान्याला कोरडेपणा हवा. आणि कोठें काय ठेवावें ह्याचा निर्णय मुंग्यांवर सोंपवावा. सगळें घर ओलें केलें तर कोठाराला बुरशी लागते. सगळें कोरडें ठेवलें तर अळ्या सुकतात आणि मुंग्यांना भाकरी कालवितां येत नाहीं, कारण कोरडें पीठ लाळेनें किती भिजणार? मालकाला घर बरोबर जमलें कीं नाहीं हें मुंग्या स्वतः सांगतात. दाणे ओल्या टोंकाला आणि अळ्या कोरड्या टोंकाला दिसूं लागल्या तर उजेड, उष्णता किंवा ओल ह्यांपैकीं कांहीं तरी उलटें झालेलें असतें. साइक्सनें पुण्याच्या माळावर पाहिलेला प्रकारहि कांचघरांत घडतो: एखाद्या सकाळीं सगळें धान्य बाहेरच्या अंगणांत आणून पसरलेलें दिसतें. तें पुन्हां आंत लोटण्याचा उपद्व्याप करूं नये. पाणी कमी घालावें.

घराला लागून एक मोकळें अंगण लागतें, म्हणजे झांकण असलेली उथळ कांचपेटी, तळाला बारीक वाळू घातलेली. मुंग्या तेथें चरतात आणि एका कोंपऱ्यांत उकिरडा करतात. तो उकिरडा आठवड्याला काढावा. तूस आणि मेलेल्या मुंग्या त्यांतच असतात, आणि कीड व बुरशी तेथूनच सुरू होते. पळून जाण्याबद्दल मात्र सावध राहावें. ह्या मुंग्यांचे जबडे दाणे फोडणारे असल्यामुळें कापूस, बूच आणि ओलें प्लास्टर त्या सहज पोखरतात. अंगणाच्या वरच्या कांठाला आंतून शंखजिऱ्याची पूड स्पिरिटमध्यें कालवून फासावी. स्पिरिट उडून गेलें कीं गुळगुळीत पट्टा राहतो आणि त्यावरून मुंगीचे पाय घसरतात. ज्या घरांत दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची चाल होती, त्या घराला खंदकाची युक्ति शिकविण्याची गरज नाहीं. तीच येथें उलट कामाला येते, मुंगीला बाहेर ठेवण्याऐवजीं आंत ठेवावयाला. रात्रीं पाहण्यासाठीं कांचेवर तांबडा पारदर्शक कागद लावावा. तांबडा प्रकाश मुंग्यांना जवळजवळ दिसत नाहीं. जांभळ्या टोंकाकडचा प्रकाश त्यांना सर्वांत जास्त टोंचतो, हें लबक यांच्या प्रयोगांनींच प्रथम सिद्ध झालें.

अन्नाचा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. राळा, वरी, नाचणी, बाजरी, राजगिरा, तीळ, खसखस, जवस आणि माळावरच्या गवतांचीं बियाणीं, हें सर्व चालतें. आणि एकाच धान्यावर कुटुंब ठेवूं नये, कारण पिठूळ दाण्यांत बळ असतें तर तेलबियांत चरबी व प्रथिनें असतात. चार जातींचे दाणे मांडले तर मुंग्या आपली निवड करतात, आणि ती निवड ऋतूप्रमाणें बदलतांना पाहणें हा ह्या छंदांतला एक मोठा आनंद आहे. पेरणीसाठीं विकलें जाणारें बियाणें मात्र कधींहि देऊं नये. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलें असतें. बहुतेक वेळां तें गुलाबी किंवा हिरवें रंगविलेलें असतें म्हणून ओळखूं येतें, आणि एका चिमटीनें सबंध कुटुंब संपूं शकतें. खाण्याचें धान्यहि निवडून, कांहीं दिवस शीतकपाटाच्या बर्फाच्या खणांत ठेवून मग द्यावें, म्हणजे टोके, सोंडे व माइट नांवाची सूक्ष्म कीड मरते. आठवड्यांतून एकदांदोनदां नुकतीच मारलेली माशी किंवा नाकतोड्याचा तुकडा द्यावा. अळ्या भराभर वाढत असतांना बियांतील प्रथिनें पुरत नाहींत. साखरेचें पाणी घालण्याचा मोह येतो, तो आवरावा. दयाळू गृहिणी वारुळावर पीठसाखर पेरतात, ती माळावर वाऱ्यापावसानें निभावते. बंद पेटींत तिच्यावर दुसऱ्याच दिवशीं बुरशी चढते.

कुटुंबाची वाढ मुंगीच्याच पावलांनीं होते. पहिल्या वर्षीं कांहीं डझन, क्वचित् शंभरावर. मोठ्या डोक्याच्या मुंग्या तर आरंभीं दिसतच नाहींत, कारण त्यांना पोसण्याइतकें मनुष्यबळ घरांत नसतें. दुसऱ्यातिसऱ्या वर्षीं संख्या शेंकड्यांवरून हजारांवर जाते आणि मग प्रश्न उलटा होतो: जागा पुरेना. भूमध्य प्रदेशांतल्या जातींना हिवाळ्यांत दोनतीन महिने १० ते १५ अंशांची थंडीहि द्यावी लागते. ती न मिळाल्यास राणीचें अंडीं घालणें पुढें मंदावतें. मुंबईसारख्या ठिकाणीं ही थंडी यंत्रावांचून आणतां येत नाहीं, आणि यंत्राच्या भरंवशावर ठेवलेला जीव वीज जाईल त्या दिवशीं धोक्यांत येतो. इकडे हौस करणाऱ्यानें स्पेनची मुंगी मागवूं नये, ह्याचें हें पहिलें कारण.

दुसरें कारण जास्त गंभीर आहे. एप्रिल २०२५ मध्यें केनिया देशांत नैवाशा येथें दोन बेल्जियन तरुणांना पकडण्यांत आलें. त्यांच्याजवळ दोन हजारांवर नळ्या होत्या, आणि त्यांत कापसाच्या बोळ्यांमागें सुमारें ५,००० राण्या. ह्या राण्या ‘मेसर सेफॅलोटीस’ ह्या आफ्रिकेंतील मोठ्या धान्यवेच्या मुंगीच्या होत्या. युरोप व आशियांतील हौशी लोक अशा एका राणीला मोठी किंमत देतात. पुढील महिन्यांत न्यायालयानें प्रत्येकाला दहा लाख केनियन शिलिंग दंड, नाहीं तर एक वर्ष कैद, अशी शिक्षा सुनावली. हत्तींचे दांत आणि गेंड्यांचीं शिंगें ह्यांची चोरी पकडणाऱ्या वनरक्षकांना मुंग्यांची चोरी पकडावी लागली, ह्याचें पुष्कळांना हंसूं आलें. पण हिशेब मांडला तर हंसूं मावळतें. उडालेल्या राण्यांपैकीं फार थोड्या जगतात. जी जगते तिच्यापासून वर्षानुवर्षें टिकणारें, हजारों मुंग्यांचें वारूळ होतें. तें वारूळ माळाची माती वरखालीं करतें आणि बीं पसरवतें. वाटेंत पडलेले आणि चुकून उकिरड्यावर गेलेले दाणे पावसांत रुजतात, व कित्येक गवतें ह्याच मार्गानें पुढें सरकतात. पांच हजार राण्या उचलणें म्हणजे एखाद्या कुरणाच्या पुढल्या पिढीला हात घालणें होय. आणि त्याच राण्या परदेशीं सुटल्या तर तेथल्या शेतांत काय करतील, हा प्रश्न वेगळाच.

ह्या उकिरड्यावरच्या रोपांनीं एकेकाळीं मोठी फसगत केली होती. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत गिडियन लिन्सेकम यांनीं तेथील धान्यवेच्या मुंग्यांच्या वारुळाभोंवतीं एकाच गवताचें कडें पाहिलें आणि मुंग्या तें पेरतात, खुरपतात व कापतात असें लिहिलें. त्यांचें पत्र खुद्द डार्विननें १८६१ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें ठेवलें. पुढें विल्यम मॉर्टन व्हीलर यांनीं दाखवून दिलें कीं तें गवत मुंग्यांनीं टाकलेल्या बियांतून आपोआप उगवतें. तेथील मुंग्या शेतकरी नव्हेत, कोठारवालेच आहेत. पाळलेल्या कुटुंबाच्या अंगणांतहि असे हिरवे कोंब येतात. ते लगेच उपटूं नयेत; मुंग्या त्यांचें काय करतात तें कांहीं दिवस पाहावें.

महाराष्ट्रांतील हौशी माणसाला परदेशाकडे पाहण्याचें कांहींच कारण नाहीं. मुंबई इलाख्याच्या वनखात्यांतले अधिकारी रॉटन यांनीं १८९२ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत इकडच्या मुंग्यांची ओळख करून दिली, आणि कर्नल बिंगहॅम यांच्या १९०३ सालच्या ग्रंथांत त्यांचीं शास्त्रीय वर्णनें आहेत. तुसांचें मोठें कडें करणारी आणि लांबच लांब रांगा लावणारी ती हल्लीं ‘ट्रायकोमायर्मेक्स स्कॅब्रिसेप्स’ ह्या नांवाची मुंगी. आणि साइक्सची फायडोल, जिच्या कुटुंबांत बारीक कामकरी व अवाढव्य डोक्याच्या शिपाई अशा दोनच प्रतींच्या मुंग्या असतात, मधल्या आकाराच्या नसतात. फायडोल आकारानें फार लहान असल्यामुळें तिच्या घराच्या फटी अधिक काळजीनें बुजवाव्या लागतात; बाकी ओलकोरडीची चढण, दाणे व किड्यांचें अन्न, अंधार आणि स्वस्थता हे नियम तेच. हिवाळ्याची थंडी मात्र तिला द्यावी लागत नाहीं.

पहिले चांगले पाऊस पडून गेल्यावर, उकाड्याच्या संध्याकाळीं, दिव्याखालीं अनेक जातींच्या पंखवाल्या मुंग्या जमतात. त्यांत वाळवीचेहि किडे असतात. वाळवीचे चारी पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असते. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक असते. पंख असलेली मुंगी उचलूं नये, कारण तिचा समागम झालेला असेलच असें नाहीं. जमिनीवर पंख गाळून बिळासाठीं जागा शोधीत फिरणारी, पोट टपोरलेली एकच राणी घ्यावी, नळींत ठेवावी, आणि नळीवर सांपडल्याची तारीख व जागा लिहावी. पुढें पाळणें जमलें नाहीं तर तिला कुटुंबासह त्याच माळावर नेऊन सोडतां यावें, एवढ्यासाठीं ती जागा लिहून ठेवावयाची.